शहरांची उत्पादकता आणि देगलूरचे येणे

निती आयोगाने २०२४ साली मुंबई महानगर प्रदेशाचा जो आर्थिक आराखडा पुढे ठेवला, त्यात २०३० पर्यंत या प्रदेशाची अर्थव्यवस्था ३०० अब्ज डॉलरवर नेण्याचा संकल्प आहे. मोजक्या महानगरांना इंजिनाचे काम द्यावे, बाकीचे डबे त्यामागे आपोआप ओढले जातील, असा या संकल्पामागचा हिशेब आहे. हा हिशेब नवा नाही. जागतिक बँकेने २००९ च्या जागतिक विकास अहवालात घनता, अंतर आणि विभाजन या तीन शब्दांच्या आधारे त्याची रीतसर मांडणी केली होती. आर्थिक वाढ सर्वत्र सारखी होत नसते. ती पसरविण्याचा आग्रह धरणे म्हणजे तिला खीळ घालणे होय. म्हणून मागास प्रदेशांत उद्योग नेण्याच्या खटाटोपात सरकारने आधी पडू नये, तेथील मुलांना शिक्षण आणि आरोग्य पुरवावे व शिकलेल्या माणसांना दाट वस्तीच्या शहरांकडे जाण्याची वाट मोकळी ठेवावी, हा त्या अहवालाचा मथितार्थ होता.

नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणा आणि कर्नाटक यांच्या सीमेलगत वसलेल्या देगलूर तालुक्यात हा उपदेश कोणी न सांगताच तंतोतंत पाळला गेला आहे. पन्नास हजारांहून अधिक वस्तीच्या देगलूर गावात शाळा आहेत, महाविद्यालय आहे. कोरडवाहू शेतकऱ्याची आणि शेतमजुराची मुले तेथे शिकतात. ज्यांना थोडी ऐपत आहे ती अकरावी-बारावीसाठी नांदेड-लातूर गाठतात आणि पुढे पुणे किंवा हैदराबाद. ज्यांचे शिक्षण मध्येच तुटले तीही गावात राहत नाहीत. हैदराबादेतील इमारतींची बांधकामे, वीटभट्ट्या आणि पश्चिम महाराष्ट्रातील उसाचे फड त्यांची वाट पाहतच असतात. शिकलेला आणि न शिकलेला, दोघेही घनतेच्या दिशेने गेले. सिद्धान्त खरा असता, तर एवढ्या आज्ञाधारक प्रदेशाची दैना एव्हाना ओसरावयास हवी होती. प्रत्यक्षात विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ साली सादर केलेल्या अहवालात मराठवाड्याचे दरडोई उत्पन्न उर्वरित महाराष्ट्रापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी असल्याचे नमूद करावे लागले. उपदेश पाळूनही दारिद्र्य का हटले नाही, हा प्रश्न त्यामुळे अटळ ठरतो.

सिद्धान्तातील सत्यांश

शहरांच्या दाटीविषयीचा हा विचार सर्वस्वी खोटा आहे, असे म्हणण्याची आवश्यकता नाही. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० सालीच दाखवून दिले होते की, एकाच धंद्यातील माणसे आणि कारखाने एका ठिकाणी जमले म्हणजे तिघांचाही लाभ होतो: कामगाराला एका मालकाने काढले तर दुसरा मिळतो, मालकाला कसबी माणूस शोधत हिंडावे लागत नाही, आणि एकाच्या हातातील कसब शेजाऱ्याच्या हातात सहज उतरते. यासाठी मँचेस्टरचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही. लातूरच्या बाजारपेठेत तूर, हरभरा आणि सोयाबीन यांची आवक एकवटली, म्हणून अडते आले. अडते आले म्हणून डाळमिल उभ्या राहिल्या. मिल आल्या म्हणून यंत्र दुरुस्त करणारा, बारदाना पुरविणारा, मालमोटार चालविणारा आणि उचल देणारा यांचा मेळ जमला. त्या पेठेतील हमालाचे किंवा फिटरचे एका दिवसाचे काम खेड्यातील तशाच माणसाच्या कामापेक्षा अधिक मोलाचे ठरते, ते तो अधिक घाम गाळतो म्हणून नव्हे. त्याच्या भोवती जी व्यवस्था उभी आहे, तिचे ते फळ आहे.

तथापि, हे फळ किती मोठे, हे सांगताना नव्या सिद्धान्ताचे पुरस्कर्ते संकोच करतात. प्रगत देशांतील अभ्यासांचे निष्कर्ष असे आहेत की, शहराचा आकार किंवा घनता दुप्पट झाल्यास उत्पादकता साधारणतः ३ ते ८ टक्क्यांनी वाढते. आता २०११ च्या जनगणनेकडे पाहावे. नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या दर चौरस किलोमीटरला ३१९, तर पुणे जिल्ह्याची ६०३. म्हणजे जवळजवळ दुप्पट. या हिशेबाने पुण्याचा माणूस नांदेडच्या माणसापेक्षा फार तर ८ टक्क्यांनी अधिक उत्पादक असावयास हवा. विकसनशील देशांत दाटीचा लाभ अधिक असतो असे काही अभ्यासक मानतात. त्यांचा मान राखून तो तिप्पट धरला, तरी अंतर २४ टक्क्यांचे होते. प्रत्यक्षात पुणे जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न नांदेडच्या दुपटीहून अधिक आहे. उरलेली तफावत कोठून आली?

तिचे श्रेय शिक्षणाला द्यावे, असे उत्तर मिळते. २०११ साली पुणे जिल्ह्याची साक्षरता ८६ टक्के, तर नांदेडची ७५ टक्के होती, हे खरे आहे. परंतु या आकड्यांत एक सोयीस्कर गफलत दडलेली आहे. जनगणनेच्या दिवशी माणूस जेथे सापडतो, तेथील म्हणून तो मोजला जातो. देगलूरला दहावी आणि नांदेडला बारावी झालेला अभियंता पुण्याच्या साक्षरतेत आणि पुण्याच्या उत्पन्नात भर घालतो. त्याच्या मागे राहिलेली निरक्षर आई नांदेडची सरासरी खाली आणते. एका प्रदेशाने पेरावे, दुसऱ्याने कापावे आणि मग कापणाऱ्याच्या खळ्याकडे बोट दाखवून त्याची जमीनच सुपीक आहे असे सांगावे, अशातला हा प्रकार आहे.

घनता कोणी घडविली?

दाट शहरे निसर्गाने दिली नाहीत. मुंबईचे बंदर आणि १८५३ ची रेल्वे यांमागे साम्राज्याची गरज होती आणि त्यावर सार्वजनिक पैसा उधळला गेला होता. पिंपरी हे १९५० पूर्वी एक साधे खेडे होते. केंद्र सरकारने १९५४ साली तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना काढला, कोयनेची वीज आली, १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी संपादून रस्ते व पाणी दिले, आणि मग खासगी भांडवलाला पिंपरी-चिंचवडच्या घनतेचा साक्षात्कार झाला. हैदराबादचे उदाहरण तर देगलूरच्या मजुराला रोज दिसणारे आहे. अकोला-नांदेड-देगलूर-संगारेड्डी या राष्ट्रीय महामार्गाने तो हैदराबादकडे निघाला म्हणजे शहराच्या वेशीवर त्याला भारत हेवी इलेक्ट्रिकल्सची वसाहत लागते. तो कारखाना आणि त्याच काळात निघालेले सार्वजनिक क्षेत्रातील औषधांचे व इलेक्ट्रॉनिक यंत्रांचे कारखाने यांनी हैदराबादला कसबी कामगार, तंत्रज्ञ आणि संशोधक दिले; आजची तेथील औषधनिर्मिती त्याच पायावर उभी आहे. ज्यांनी सरकारी गुंतवणुकीचे दूध पिऊन बाळसे धरले, त्यांचेच वकील देगलूरला आज स्वावलंबनाचे धडे देत आहेत.

आणि देगलूरची घनता? ती तर नकाशावर रेघ ओढून कापली गेली. निजामी राजवटीत देगलूरची पेठ तेलुगू, कन्नड आणि मराठी मुलखाच्या तिठ्यावर होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. भाषावार प्रांतरचनेची मागणी न्याय्य होती व समाजवादी चळवळीने ती मनापासून लढविली. परंतु १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्याने देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे गेली, तेव्हा त्या पेठेचा अर्धा मुलूख एका रात्रीत परराज्य झाला, याची भरपाई मात्र कोणीही केली नाही. पाठ हैदराबादकडे वळली आणि तोंड ज्या मुंबईकडे झाले ती शेकडो कोस दूर. देगलूरला आजही रेल्वे नाही. नांदेड-देगलूर-बिदर या मार्गाची मागणी निवेदनांत, सर्वेक्षणांत आणि निवडणुकीच्या सभांत धावत आली आहे. महामार्ग तेवढा रुंद झाला. जागतिक बँकेच्या परिभाषेत अंतर कमी झाले. पण त्या रस्त्याने कारखाने आले नाहीत. मजूर अधिक वेगाने गेले, एवढेच.

पाण्याची कहाणीही याहून वेगळी नाही. देगलूर, मुखेड आणि बिलोली या तालुक्यांच्या आशा ज्यावर टांगल्या आहेत तो लेंडी आंतरराज्य प्रकल्प १९८० च्या दशकात हाती घेतला गेला आणि चार दशके रखडला. धरणग्रस्तांची एक पिढी पुनर्वसनाची वाट पाहत म्हातारी झाली, आणि लाभक्षेत्रातील एक पिढी पाण्याची वाट पाहत गाव सोडून गेली. कोरडवाहू शेतीवर एक खरीप पीक निघते. उरलेले महिने हात रिकामे राहतात. वर्षाचे चार-पाच महिनेच ज्याला काम दिले जाते, त्याची वार्षिक उत्पादकता कमी भरते यात नवल काय? हा दोष त्या हातांच्या आळसाला किंवा अज्ञानाला लावणे हे विद्वत्तेच्या वेषातील निर्लज्जपण होय.

मराठवाड्याने हे निमूटपणे सोसले, असेही नाही. १९७४ साली वसमत येथे गोळीबार झाला आणि विद्यार्थ्यांचे आंदोलन साऱ्या विभागात पेटले. गोविंदभाई श्रॉफ आणि अनंतराव भालेराव यांच्यासारख्यांनी रुंदमापी रेल्वे, रोजगार आणि उद्योग यांचा आग्रह धरला. प्रा. वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला, त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटींचा होता. त्या अहवालाचा सरकारने रीतसर स्वीकारही केला नाही. १९९४ साली घटनेच्या ३७१(२) कलमान्वये वैधानिक विकास मंडळे आली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली आणि ती वाढविण्याची तसदी घेतली गेली नाही. उद्योग पांगविण्यासाठी १९६४ पासून सवलतींची सामूहिक योजना राबविली गेली, पण मराठवाड्यापुरते तिचे बहुतेक लोणी चिकलठाणा-वाळूजच्या वाट्याला गेले. मुंबई-पुण्याने मराठवाड्याशी जे केले, तेच तेव्हाच्या औरंगाबादने, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरने, देगलूर-मुखेड-किनवटशी केले. अन्यायाची ही उतरंड आहे आणि तिच्या तळाशी तालुका आहे.

शिक्षणाचे खतावणीबुक

शिक्षणाने प्रदेश वर येतो, या श्रद्धेची कसोटी पाहावयाची असेल तर लातूरकडे पाहावे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 'लातूर पॅटर्न'चा दबदबा सुरू झाला. शिस्त, सराव आणि शिक्षकांचे कष्ट यांच्या बळावर कोरडवाहू भागातील सामान्य घरांतील मुले गुणवत्ता यादीत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत पोहोचली. या कर्तृत्वाला कमी लेखणे अन्यायाचे होईल. परंतु साडेतीन दशकांच्या अनुभवानंतर एक प्रश्न विचारावाच लागतो. एवढी बुद्धिमत्ता ज्या भूमीतून निघाली, त्या भूमीत त्या बुद्धीला काम देणारे काय उभे राहिले? शिकवणीवर्ग उभे राहिले, वसतिगृहे आणि खानावळी उभ्या राहिल्या. एप्रिल २०१६ मध्ये त्याच लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. २०१८ साली रेल्वे डब्यांच्या कारखान्याचे भूमिपूजन झाले, ही एक आशेची खूण. पण जिल्ह्याच्या दर वर्षीच्या उत्तीर्ण मुलांपुढे एक कारखाना म्हणजे दुष्काळातील एक सर. लातूरने शिक्षणाची दाटी केली, कामाची दाटी कोणी केली नाही. म्हणून तेथील उत्तम पीक बाहेरच्या बाजारात गेले.

देगलूरसारख्या तालुक्यात तर शिक्षणाचा याहून विदारक सौदा झाला. १९८३ नंतर विनाअनुदानित महाविद्यालयांचे पेव फुटले, पुढे डी.एड. आणि बी.एड.च्या वर्गांनी गावोगाव दुकाने मांडली. बापाने दोन एकर विकून मुलाला शिक्षक होण्याची पदवी मिळवून दिली, आणि उरलेला एक एकर विकून संस्थाचालकाच्या हाती देणगी ठेवली. भरती थांबली तेव्हा पदवी हातात आणि शेत दुसऱ्याच्या नावावर, अशी अवस्था झाली. या तरुणाला अर्थशास्त्रज्ञ 'अकुशल' म्हणतात, संस्थाचालक 'माजी विद्यार्थी' म्हणतात आणि राजकीय पक्ष 'कार्यकर्ता' म्हणून मोटारसायकलीवर झेंडा देतात. यांतील कोणीही त्याला काम देत नाही.

म्हणून शिक्षणाचा जमाखर्च एकदा नीट मांडला पाहिजे. मूल जन्मल्यापासून ते कमावते होईपर्यंत वीस-बावीस वर्षांचा खर्च त्याचे कुटुंब, त्याचे गाव, तेथील जिल्हा परिषदेची शाळा आणि त्या कुटुंबातील स्त्रियांचे न मोजलेले श्रम सोसतात. ते कमावते झाले त्या दिवशी ते दुसऱ्या जिल्ह्याच्या उत्पन्नात जमा होते. ऐन उमेदीची तीस-पस्तीस वर्षे शहर वापरते. आजारपणात, बेकारीत आणि म्हातारपणी गाव पुन्हा सांभाळते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत शहरांनी ज्यांना पायी वाटेला लावले, त्यांना अखेर गावांनीच घरात घेतले, हे विसरता येणार नाही. दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानातून इंग्लंडकडे वाहणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडला होता. देगलूरमधून पुण्या-हैदराबादकडे वाहणारी संपत्ती माणसांच्या रूपाने वाहते, एवढाच फरक आहे. आणि महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बजावलेच होते की, शिक्षणाचा पैसा रयतेच्या घामातून येतो आणि त्याचा लाभ मात्र वरचे वर्ग घेतात. आज वर्गांच्या जोडीला प्रदेशांची नावे लिहिली, म्हणजे ते निवेदन पुन्हा सादर करता येईल.

आणि ज्या शाळेवर हे सारे उभे आहे, तिच्यावरच आता घनतेची कुऱ्हाड चालली आहे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या राज्यातील सुमारे १५ हजार शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा घाट सप्टेंबर २०२३ मध्ये घातला गेला. तर्क तोच: मुले विरळ आहेत, म्हणून शाळा परवडत नाही. जी वस्ती स्थलांतराने विरळ झाली, तिला विरळपणाची शिक्षा म्हणून शाळा बंद! चार-पाच किलोमीटर दूरच्या शाळेत मुलगा कदाचित जाईल. मुलगी घरी बसेल, तिचे लग्न लवकर होईल किंवा ती आई-बापांबरोबर फडावर जाईल. दहा वर्षांनी याच तालुक्याची श्रमशक्ती अशिक्षित आहे म्हणून तेथे उद्योग येत नाहीत, असा अहवाल कोणीतरी लिहील.

खेड्याची भलावण नको

या विवेचनाचा एक विपरीत अर्थ निघण्याचा धोका आहे आणि चळवळीने त्यापासून स्वतःला जपले पाहिजे. शहरे वाईट, खेडी पवित्र, तरुणांनी गावातच राहावे, असा सूर पुरोगामी व्यासपीठांवरूनही अधूनमधून निघतो. तो दलितांच्या आणि स्त्रियांच्या अनुभवाशी प्रतारणा करणारा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटनासमितीत खेड्याच्या कौतुकावर जो घणाघाती हल्ला केला, त्याचे प्रत्यंतर मराठवाड्याने १९७८ साली दिले. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलैला विधिमंडळात संमत होताच गावोगाव दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांची निर्घृण हत्या झाली. त्या रात्री ज्यांनी गाव सोडून शहराची झोपडपट्टी जवळ केली, त्यांना शहराच्या दाटीत भाकरीबरोबर अनामिकतेचे संरक्षण मिळाले. जाण्याचा हक्क हा समाजवाद्यांच्या दृष्टीने पवित्रच असला पाहिजे.

परंतु जाण्याचा हक्क निराळा आणि हाकलले जाणे निराळे. दलित तरुणाला गावाच्या जाचातून सुटण्यासाठी पाचशे किलोमीटर दूर जाऊन दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणांनी राहावे, हाच एक पर्याय का असावा? त्याच्या गावापासून पंधरा-वीस किलोमीटरवरचे देगलूर, मुखेड किंवा उदगीर जर कामाने, शाळांनी, दवाखान्यांनी आणि रात्री दिवे लागलेल्या वाचनालयांनी गजबजलेले असेल, तर जातीचा विळखा तेथेही सैल होईल आणि आईच्या आजारपणात घरीही पोहोचता येईल. दाटीचा लाभ मिळविण्यासाठी दोन कोटींच्या महानगराचीच गरज असते, हा सिद्धान्त नसून सोय आहे, आणि ती जमिनीच्या दलालांची आहे. मुंबईच्या गिरणगावाइतकी घनता आणि तेथल्याइतका कसबी कामगार देशात क्वचितच एकत्र नांदला असेल. तरीही १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर अडीच लाख गिरणी कामगारांची वाताहत झाली, कारण त्यांच्या श्रमापेक्षा त्यांच्या पायाखालची जमीन अधिक किमती ठरली. उत्पादकतेचे गोडवे गाणारी व्यवस्था उत्पादकाला कधी रस्त्यावर टाकते, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता?

येणे वसूल झाले पाहिजे

तेव्हा मागणी कशाची करावयाची? आणखी एका महाविद्यालयाची नव्हे, आणि महानगरांची वाढ रोखण्याचीही नव्हे. तालुक्याच्या गावी शिक्षण आणि काम यांची दाटी एकाच वेळी आणि एकाच आराखड्याने घडविली जावी, ही मागणी आहे. लेंडीच्या धरणग्रस्तांचे पुनर्वसन आधी पूर्ण करून कालव्यांचे पाणी शेतापर्यंत पोहोचविणे, नांदेड-देगलूर-बिदर रेल्वेमार्ग प्रत्यक्ष टाकणे, तालुक्यात पिकणाऱ्या सोयाबीन, तूर, उडीद आणि मूग यांचे तेल व डाळ तालुक्यातच सहकारी मालकीच्या कारखान्यांत तयार करणे, त्या कारखान्यांना लागणारे कसब शिकविणारे औद्योगिक प्रशिक्षण वर्ग तेथेच चालविणे, एकही गावशाळा बंद होऊ न देणे आणि रिक्त शिक्षकपदे देणगीविना भरणे: हे सारे एकमेकांत गुंतलेले आहे. यांतील एक दिले आणि बाकीचे नाकारले, की दिलेलेही वाहून जाते; लातूरचा धडा हाच आहे. आणि अनुशेष मोजावयाचा तो तालुका हा घटक धरून, म्हणजे जिल्ह्याच्या शहराआड खेड्यांचे दैन्य लपणार नाही. केळकर समितीनेही तालुक्याचाच घटक पुढे केला होता.

पैसा कोठून आणणार, हा प्रश्न हमखास विचारला जाईल. त्याचे उत्तर महाराष्ट्राने स्वतःच देऊन ठेवले आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजनेने जोर धरला, १९७७ साली विधिमंडळाने तिला कायद्याचे रूप दिले, आणि तिच्या खर्चासाठी १९७५ पासून नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविला गेला. तो मुख्यतः शहरांतून गोळा होत असे, आणि सरकार आपला तेवढाच वाटा त्यात घालीत असे. शहराच्या उत्पन्नावर ग्रामीण मजुराचा हक्क आहे, हे तत्त्व या राज्याने अर्धशतकापूर्वी कायद्यात लिहिले आणि २००५ साली देशाने रोजगार हमीचा धडा महाराष्ट्राकडूनच घेतला. त्याच तत्त्वाचा पुढचा टप्पा आता आला आहे. महानगरांत तालुक्यांच्या पैशाने वाढविलेली श्रमशक्ती वापरणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी, आणि त्या दाटीमुळे ज्यांच्या जमिनींच्या किमती हात न हलविता शतपट झाल्या त्या जमीनमालकांनी, या श्रमशक्तीच्या संगोपनाचा खर्च अधिभाराच्या रूपाने फेडावा आणि तो निधी थेट मागास तालुक्यांच्या शिक्षण व रोजगाराला बांधलेला असावा. यात दयेचा प्रश्न नाही. हे येणे आहे, आणि त्यावर कित्येक वर्षांचे व्याज चढले आहे.

धर्माबाद तालुक्यातील अनेक गावांच्या सरपंचांनी २०१८ साली आपली गावे तेलंगणात घ्यावीत, अशी मागणी केली, तेव्हा मुंबईत अस्मितेच्या नावाने हळहळ व्यक्त झाली. ज्या मराठवाड्याने रझाकारांशी झुंज देऊन आणि कोणतीही अट न घालता महाराष्ट्रात पाऊल टाकले, त्याच्याच सीमेवरची माणसे शेजारच्या राज्याच्या पाण्याकडे आणि योजनांकडे आशेने पाहू लागली, हा महाराष्ट्राच्या राज्यकर्त्यांना मिळालेला निकाल आहे. भाषेच्या नावाने जोडलेली माणसे केवळ भाषेच्या बळावर जोडलेली राहत नाहीत.

कार्यकर्त्यांनी या कामाची सुरुवात आपापल्या तालुक्यातून करावी. दहावी झालेली किती मुले-मुली दहा वर्षांनंतर कोठे आहेत, काय काम करतात, कोणाची किती जमीन शिक्षणापायी गेली, किती घरे वर्षातून किती महिने बंद असतात, याची गावनिहाय नोंद करणे अवघड नाही. त्यासाठी सरकारी परवानगी लागत नाही. एक वही आणि चार चिकाटीचे साथी लागतात. देगलूर तालुक्यातील प्रत्येक गावाची अशी वही तयार झाली, की महानगराच्या ३०० अब्जांच्या आराखड्यासमोर मांडण्याजोगा एक दुसरा हिशेब चळवळीच्या हाती येईल. तो हिशेब तहसीलच्या दारात वाचून दाखवावा, आणि मग सावकाराने दाखविलेल्या कर्जाच्या आकड्यांपुढे मान खाली घालण्याची सवय लागलेल्या शेतकऱ्याला प्रथमच कळेल की, खरे देणेकरी दुसरेच आहेत.